उज्वलाचं शेड्यूल आणि आत्यांचे चार जिने

उज्वला कणसेला 'होईल हो' हे दोन शब्द सहन होत नाहीत. आपल्याकडे लग्नं, रस्ते, पूल, सगळं या दोन शब्दांवर उभं असतं. ती लगेच विचारते, "होईल म्हणजे कधी? कशाच्या नंतर? आणि करणार कोण?" हे तीन प्रश्न विचारण्याचा तिला रबाळ्याच्या एका कंपनीत पगार मिळतो. घरी ती ते फुकट विचारते.

आमच्या जुईनगरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ती, तिचा नवरा प्रसाद आणि सासू भागीरथीबाई राहतात. मी त्यांच्या बरोबर खाली, तिसऱ्यावर. त्यामुळे तिची पावलं मला रोज ऐकू येतात. ही बाई घरातही स्टेशन गाठायचं असल्यासारखी चालते. बाप वाशीच्या बाजारात माथाडी होता, साताऱ्याकडचा. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली आणि पोरीला डिप्लोमा करायला लावला. तिची कंपनी दुसऱ्यांच्या कारखान्यांत माल वाहून नेणारे पट्टे बसवते. उज्वला पट्टे बसवत नाही. कोणता पट्टा कोणत्या दिवशी बसेल, आणि नाही बसला तर त्यामुळे पुढचं काय काय अडेल, हे ती कंप्युटरवर मांडते. त्याला प्लॅनिंग म्हणतात.

हे काम नेमकं काय असतं ते मला कळेना, म्हणून एकदा विचारलं. ती म्हणाली, "काकू, पुरणपोळी सांगा."

"सांगायचं काय त्यात? डाळ शिजवायची, चाळणीत ओतायची, गूळ घालून आटवायची, वाटायची, पुरण गार झालं की भरायची."

"गार झालं की! म्हणजे तेवढा वेळ तुम्ही काही करत नाही, नुसत्या थांबता. त्या थांबण्याला आम्ही लॅग म्हणतो. आणि कणीक?"

"कणीक मध्येच कधीतरी भिजवायची. आधी भिजवली तरी चालते."

"म्हणजे कणकेला सवड आहे. तो फ्लोट. डाळीला सवड नाही. डाळीला उशीर झाला की जेवायला उशीर. डाळ, पुरण, गार होणं, पोळी, ही जी न सुटणारी साखळी, ती क्रिटिकल पाथ. आमचं सॉफ्टवेअर ती लाल रंगात दाखवतं. बाकी सगळ्या निळ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारे बाण."

"हे तर माझ्या आईलाही माहीत होतं."

"माहीत होतंच. फक्त तिला त्याचे पैसे कुणी दिले नाहीत," असं म्हणून ती वर निघून गेली. उलट उत्तराला तिला कधीच उशीर होत नाही.

आता लिफ्ट. आमची इमारत सात मजल्यांची आणि लिफ्ट एकच. ती गेली दोन वर्षं मनाला येईल तिथे थांबत होती. एकदा आमचे सेक्रेटरी बाजीराव शिर्के स्वतः गच्चीवर टाकी बघायला जाताना पाचव्या-सहाव्याच्या मध्ये अडकले आणि दुसऱ्याच रविवारी सोसायटीने नवी लिफ्ट बसवायचा ठराव एकमताने मंजूर केला. कंत्राटदार म्हणाला, "दीड महिन्यात होईल, टेन्शन घेऊ नका." उज्वला तिसऱ्या रांगेत बसली होती. ती उठली.

"होईल म्हणजे कधी?"

तिच्या उठण्याला कारण होतं. भागीरथीबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, त्या म्हणतात, देवानं दिलेलं हाड देवालाच परत करीन. लिफ्ट बंद झाली की त्या चौथ्या मजल्यावर कोंडल्या जाणार होत्या. एरवी त्यांनी तेही सोसलं असतं, पण यंदा चैत्रात त्यांच्या तांबेवाडीच्या भैरवनाथाच्या जत्रेत पहिल्या नैवेद्याचा मान कणशांच्या थोरल्या घराकडे होता. हा मान भावकीत पाळीपाळीने फिरतो. मागच्या पाळीला सासरे होते. आता ते नाहीत, म्हणजे ताट भागीरथीबाईंनीच न्यायचं. थोरल्या घराचं कुणी पोचलं नाही तर मान धाकट्या घराकडे, म्हणजे त्यांच्या धाकट्या जावेकडे जातो. या दोघी जावांमध्ये चाळीस वर्षांपूर्वी एका रांजणावरून जे झालं ते अजून चालू आहे.

"धाकटीनं माज्या म्होरं ताट उचललं," भागीरथीबाई म्हणत, "तर मी वर जाऊन ह्यांना काय तोंड दावू?"

मी सुचवलं, लिफ्ट बंद व्हायच्या आत गावीच जाऊन राहा. तर गावच्या घराचे पत्रे उतरवलेले, जत्रेच्या तोंडावरच ते चढणार होते. तोवर राहायचं कुठे? धाकटीच्या गावातल्या बंद घरात, तिच्याकडे किल्ली मागून. विषय संपला. खांदेश्वरला लेक आहे, तर लेकीच्या घरी महिनाभर जावयाचं मीठ खात नसतात. तो विषयही संपला. शेवटी उज्वला म्हणाली, "आत्या, तुम्ही कुठेही जाऊ नका. जत्रेच्या चार दिवस आधी लिफ्ट चालू होईल. माझा शब्द." त्यांच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

हा शब्द दिला आणि मग त्याच्यामागे शेड्यूल उभं करायला ती सोसायटीच्या ऑफिसात टीव्हीला लॅपटॉप जोडून बसली. कंत्राटदाराला समोर बसवून एकेक काम वदवून घेतलं. जुनी लिफ्ट काढणं, लिफ्टच्या विहिरीच्या भिंती दुरुस्त करणं, प्लास्टर वाळणं, रूळ बसवणं, वर मोटर चढवणं, माणसं उभी राहतात तो पाळणा, दरवाजे, वायरिंग, चाचणी, सरकारी तपासणी. कशाच्या आधी काय, कशाच्या बरोबर काय. टीव्हीवर पट्ट्या उमटत गेल्या आणि बाण इकडून तिकडे धावायला लागले. आम्ही सगळे चहा पीत बघत होतो. सासू-सुनांच्या मालिकेपेक्षा बरं होतं.

"हे काय?" बाजीरावांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "लिफ्ट सुरू. दिवस शून्य. शून्य दिवसांत लिफ्ट कशी काय सुरू होणार?"

"काका, तो माइलस्टोन आहे. ते काम नाही, क्षण आहे. त्याला वेळ लागत नाही."

"आणि पूजा?"

"कसली पूजा?"

"लिफ्टची! नारळ फुटणार, हार घालणार, मी दोन शब्द बोलणार, चहा होणार. शून्य दिवस म्हणे!"

उज्वलाने मुकाट्याने अर्धा दिवस घातला. बाजीरावांचे दोन शब्द आम्ही ऐकलेले आहेत, तेव्हा अर्धा दिवस कमीच होता.

"आणि रंगाच्या पट्टीच्या पुढे ही फिकट शेपटी कसली?"

"रंगवाल्याला तेवढी सवड आहे. तो थोडा उशिरा आला तरी लिफ्ट अडत नाही."

"पोरी, हे त्याला दाखवू नकोस," बाजीराव गंभीरपणे म्हणाले. "सवड दिसली की आपला माणूस ती पहिली खातो. काम नंतर."

हे मात्र ते खरं बोलले.

मग तिने तो सगळा आराखडा गोठवून ठेवला. त्याला बेसलाइन म्हणतात. "लग्नातल्या फोटोसारखं," ती मला म्हणाली. "नंतर तुम्ही कितीही सुटलात तरी फोटो तसाच राहतो, म्हणून किती सुटलात ते कळतं." सुट्ट्या घातल्या. रविवार, पाडवा, रामनवमी, चौदा एप्रिल. दोनदा तपासलं. प्लास्टर वाळायला चार दिवस जास्तच धरले. चूक काढायला मी चष्मा लावून बसले होते. मला सापडली नाही.

काम सुरू झालं. मुख्य फिटर भैरू, पाटणकडचा, हसरा माणूस. त्याच्या हाताखालची पोरंही सगळी त्याच्याच वाडीची. उज्वला रोज कामावरून येताना जिन्यात त्याला गाठायची.

"किती झालं, भैरूभाऊ?"

"नव्वद टक्के झालं, ताई."

"कालही नव्वदच होतं."

"मंग? कमी झालं न्हाय नव्हं?"

"टक्के सांगू नका मला. रूळ कितव्या मजल्यापर्यंत आले?"

"पाच."

"म्हणजे सातातले पाच. असं सांगायचं."

भैरू मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्वद टक्के सांगायचा. पण काम चोख होतं. पट्ट्या एकेक करून भरत होत्या, लाल रेघ जागेवर होती. चौथ्या मजल्यावर भागीरथीबाई नैवेद्याच्या तांब्या-ताटाला चिंच लावून घासत होत्या. रोज. ताटात तोंड दिसायला लागलं होतं तरी घासत होत्या.

आणि एका संध्याकाळी भैरू स्वतःच उज्वलाची वाट बघत जिन्यात थांबला. मी दारातच होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

"ताई, सांगायचं व्हतं. उद्यापास्नं आमी न्हाय. थोडं दिस."

"का? कोण आजारी आहे?"

"छ्या! जत्रा हाय आमची."

उज्वलाच्या हातातली भाजीची पिशवी तशीच लोंबत राहिली. "जत्रा," ती म्हणाली. "तुमची."

"म्हंजी काय! चैत न्हाय का लागला? समद्यांच्याच असत्यात की आता."

"मग एकदोघं तरी मागे राहतील?"

"एकाच वाडीची हावोत. एकानं देवाची काठी नाचवायची आन् दुसऱ्यानं हितं वायर वढायची, असं कसं व्हईल? परत आलं की धडाक्यात संपवतो. ऱ्हायलंय काय, दारं, वायरी. नव्वद टक्के—"

"भैरूभाऊ, प्लीज."

भैरूने तिच्याकडे बघितलं. त्यालाही कणशांच्या मानाचं माहीत होतं. तो हळूच म्हणाला, "ताई, तुमीच सांगा. तुमी तुमची जत्रा सोडाल का?"

"नाही," उज्वला म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, ही तिची दुसरी अडचण.

भैरूची जत्रा उरकून तो परत येणार होता, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तांबेवाडीची जत्रा. चार दिवसांची सवड गेली आणि वर आणखी तूट आली. ती माझ्याकडे येऊन बसली. पाणीसुद्धा मागितलं नाही.

"काकू, जत्रेसाठी शेड्यूल केलं आणि जत्राच विसरले."

"शहाणीच आहेस," मी म्हटलं. उगाच पाठीवरून हात फिरवायला मला जमत नाही.

"त्याच्यात सोय असते हो. सगळ्यांच्या सुट्ट्या एका कॅलेंडरात, आणि शिवाय प्रत्येक माणसाचं वेगळं कॅलेंडर लावता येतं. मी भैरूला सगळ्यांचंच लावलं. पाडवा, रामनवमी. त्याचा देव विचारलाच नाही. मी! सातारची पोरगी! बाजारात अर्धे गाळे चैत्रात माणसांवाचून ओस पडलेले लहानपणापासून बघितलेत मी."

वर काय झालं ते मला छताकडे कान लावल्याशिवायच ऐकू आलं. भागीरथीबाई आरडाओरडा करणाऱ्यातल्या. पण त्या दिवशी नाही केला. फक्त म्हणाल्या, "शबुद दिला व्हतास." आणि मग ताट घासायचा आवाजही बंद झाला. ते जास्त वाईट होतं.

प्रसाद बाजारात एका फळवाल्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहे. स्वभावाने लोण्यासारखा. तो म्हणाला, "अगं, एवढं काय टेन्शन? बाजारातली चार पोरं आणतो. आईला खुर्चीत बसवायचं, दोरी बांधायची, पाच मिनिटांत खाली. क्विंटलभराचा माल उतरवतात ती."

"मी काय बटाट्याची गोन हाय व्हय रं?" आतून आवाज आला. चला, निदान बोलल्या. "चौघांच्या खांद्यावनं मानसानं येकदाच उतरायचं असतं. ती पाळी माजी आजून आल्याली न्हाय. खुर्चीचं नाव घेतलंस तर हितंच उपास धरीन."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी विचारपूस करायला वर गेले. भागीरथीबाई पाय लांब करून बसलेल्या, प्रसाद तेल लावत होता, उज्वला लॅपटॉप उघडून त्या लाल रेघेकडे नुसती बघत होती.

"अगदीच उतरता येत नाही का हो?" मी विचारलं.

"उतरतीया की. न उतराय काय झालं? पर येक जिना उतरला की गुडगा फुगून बसतो. मंग रातभर श्याक द्यायचा, तवा दुसऱ्या दिशी माज्यासंगं बोलाय लागतो. आशी चार जिनं कोन उतरंल?"

उज्वलाने मान वर केली. "आत्या, काय म्हणालात?"

"काय बी न्हाय म्हनलं."

"एक जिना. मग रात्रभर थांबायचं. मग दुसरा जिना." तिची बोटं चालायला लागली. "काकू, बघा इकडे. हा बाण. लिफ्ट सुरू झाली की आत्या खाली उतरणार. हा कुणी काढला? मीच. आत्यांना लिफ्ट नकोच आहे! आत्यांना फक्त खाली पोचायचंय!" तिने तो बाण पुसून टाकला. लिफ्ट आपली एकीकडे राहिली, आत्या एकीकडे. मग आत्यांच्या एका पट्टीचे तिने चार तुकडे केले. दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक रात्र. "काम आणि लॅग, काम आणि लॅग. चौथ्या दिवशी सकाळी गाडीत. जत्रेच्या आदल्या दिवशी!"

"आणि मधल्या रात्री काय जिन्यात झोपणार?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून हसली. तेव्हा मला कळलं की पहिला मुक्काम कुणाकडे आहे.

भागीरथीबाईंनी यादी ऐकून घेतली. तिसऱ्यावर मी. चालेल. पहिल्यावर बाजीराव. चालेल, त्याची बायको चांगली आहे. दुसऱ्यावर राजश्री खिल्लारे. इथे त्या थांबल्या. राजश्री एका शाळेच्या ऑफिसात आहे, मूळची परभणीकडची. तिच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो. पंधरा वर्षांत भागीरथीबाई त्या उंबऱ्याच्या आत गेल्या नव्हत्या. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. जात. लिहायला दोन अक्षरं लागतात.

"थितं कुनी घातलं मला?"

"जिन्यानं," उज्वला म्हणाली. "तिसऱ्याच्या खाली दुसराच येतो, आत्या. दुसरा गाळून तिसऱ्यावरून थेट पहिल्यावर उडी मारता येत असेल तर सांगा. मी बाण बदलते."

भागीरथीबाईंनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं. गुडघ्याने सुनेची बाजू घेतली.

राजश्रीला विचारायला गेलो तर तिचं घर म्हणजे जत्राच होती. निळ्या पताका, पोरींच्या गाण्याची तालीम, कोपऱ्यात मैद्याची पिंपं. "येऊ द्या की," ती म्हणाली. "फक्त तेराला या आणि चौदाला सकाळी निघा. चौदाला माझ्या घरात पाय ठेवायला जागा नसते." उज्वलाने जागेवर मोबाइल काढून राजश्रीचं कॅलेंडर लावलं. आता ती दगडालासुद्धा सुट्टी विचारल्याशिवाय सोडत नव्हती.

बाराच्या सकाळी भागीरथीबाई देवाला नमस्कार करून निघाल्या. एका बाजूला कठडा, एका बाजूला प्रसाद, पुढे उज्वला, मागे शेकाची पिशवी घेऊन मी. एक जिना. माझ्याकडे पोचल्या, पलंगावर बसल्या, आणि दहा मिनिटांत माझ्या चहात साखर कमी असल्याचं, माझा कढीपत्ता सुकल्याचं आणि माझे डबे चुकीच्या फळीवर असल्याचं त्यांनी मला सांगितलं. संध्याकाळपर्यंत डबे बदललेले होते. मला अजून हळद सापडलेली नाही.

तेराला दुसरा जिना. राजश्रीच्या दारात त्या क्षणभर उभ्या राहिल्या. राजश्री म्हणाली, "या मावशी, उजवीकडं बसा, डावीकडं पिठाचं पिंप आहे." एवढंच. त्या उजवीकडे बसल्या.

चौदाला सकाळी उज्वला त्यांना घ्यायला गेली. रजा काढली होती, गाडी ठरवली होती, बाजीरावांच्या घरी नवी चादर अंथरलेली होती. मी सहज मागोमाग गेले. बघते तर भागीरथीबाई ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून पुऱ्या लाटत होत्या. गल्लीतल्या पोरांसाठी पुरी-खीर होती, आणि त्या सगळ्या कारखान्याच्या मालकीण झाल्या होत्या.

"आत्या, चला. पहिला मजला."

"आज जमायचं न्हाय."

"जमायचं नाही म्हणजे? आत्या, आता सवड नाही! एक दिवससुद्धा नाही! सगळी रेघ लाल आहे!"

"मंग आसू दे लाल. ह्या पोरींच्या पुऱ्या बघ, नकाशे हायत नकाशे. उद्या दोन जिनं उतरती. आज पुऱ्या."

"गुडघा?"

"गुडग्याला इचारलंय मी."

"राहू दे गं, उज्वला," कढईपाशी उभी राहून राजश्री म्हणाली. "हाताला वेग आहे त्यांच्या. सोडणार नाही मी आज."

उज्वलाने मोबाइल काढून तिसरा आणि चौथा जिना पंधरालाच घातला. आजारपण, बंद, पाऊस, सगळ्याची सोय तिच्याकडे असते. सासूला मजा यायला लागेल, याची सोय तिने केली नव्हती. रात्री मिरवणूक गेली तेव्हा भागीरथीबाई राजश्रीच्या खिडकीत खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि ढोलवाल्यांच्या हाताला नावं ठेवत होत्या. मला यातून कुणाला काही शिकवायचं नाही. पुऱ्या मात्र चांगल्या झाल्या होत्या.

पंधराला सकाळी खाली गाडी येऊन उभी. दोन जिने. पहिला उतरून बाजीरावांच्या दारापाशी आल्या तेव्हा घामाने डबडबल्या होत्या. दारात बाजीराव, अपमान झालेल्या व्याह्यासारखे.

"काल तुमच्यासाठी शिरा केला होता, भागीरथीबाई. नवी चादर होती."

"मंग आता च्या घेती, उभ्यानं," त्या म्हणाल्या आणि जिन्यातच खुर्ची मागवून बसून घेतला. बाजीरावांनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली, ते त्यांच्या बायकोने आवरले.

शेवटचा जिना. अर्ध्यात भागीरथीबाई पायरीवर बसल्या. "बास," त्या म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता. "न्हाय व्हायचं माज्यानं. जाऊ द्या. धाकटीला घेऊ द्या ताट."

 प्रसाद खुर्चीकडे बघत होता. बोलायची हिंमत नव्हती. मला वाटलं उज्वला आता घड्याळ दाखवेल, गाडीवाला किती वेळ थांबेल ते सांगेल.  पण ती सासूच्या शेजारी पायरीवर बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि गुडघा दाबत राहिली. पाच मिनिटं असतील, दहा असतील. तिनेही मोजली नसावीत.

मग भागीरथीबाईंनीच विचारलं, "धाकटी कवा पोचनाराय?"

"त्या काल रात्रीच पोचल्या."

"काल रातच्याला?"

"नवीन हिरवी पैठणी आणलीय म्हणे. ताटपण नवीन आणलंय."

"ताट आनलंय?" भागीरथीबाईंनी कठडा धरला. "माजी पाळी, आन् ताट तिनं आनलंय? उठीव मला."

राहिलेला जिना त्या कुणाचाही हात न धरता उतरल्या. तोंडाने सारखं चालू होतं, ते काही छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रसादने मला व्हिडिओ कॉल लावला. मागे हलगी, गुलाल, माणसांचा समुद्र. देवळाच्या पायरीपाशी खुर्चीत भागीरथीबाई, मांडीवर ताट, झाकलेलं. त्यांच्या मागे हिरव्या पैठणीत एक बाई हाताची घडी घालून उभी, ती धाकटी असणार. नैवेद्य पालखी निघायच्या वेळी दाखवायचा असतो. पालखी अजून निघालेली नव्हती. आणि चित्राच्या कडेला पांढऱ्या फेट्यातल्या म्हाताऱ्या गुरवासमोर उज्वला उभी.

"काका, पालखी किती वाजता निघते?"

"देव निघंल तवा निघती, पोरी."

"हो, पण देव साधारण कशाच्या नंतर निघतो?"

"काठ्या आल्या की."

"काठ्या कुठून येतात? सगळ्या एकदम येतात की एकामागोमाग?"

गुरवाने मदतीसाठी भागीरथीबाईंकडे बघितलं.

"सांगा की वो तिला कायतरी आकडा," ताटावरचा पदर सारखा करत भागीरथीबाई म्हणाल्या. "त्येच्याबिगार ती गप ऱ्हायाची न्हाय. आन् ती हाय म्हनून मी हितं हाय."

गुरवाने आभाळाकडे बघितलं, देवळाकडे बघितलं, फेटा मागे सरकवला. "लिव," तो म्हणाला. "सात."